पनवेल ते मालवण: चोवीस फुटी बोट डिझेल पिकअपच्या मागे नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: २४ फुटी फायबरची बोट, मागे १५० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या पाठीला टांगलेलं इंजिन), खाली दोन एक्सलचा ट्रेलर. पनवेलहून मालवणला न्यायची आहे. ओढायला डिझेल फोर बाय फोर पिकअप आहे. गाडीत तेवढा दम आहे का, आणि घाटात इंजिन तापेल का?

दम आहे. इसुझूच्या व्ही-क्रॉसला ३६० न्यूटन-मीटर टॉर्क आहे, ऑटोमॅटिक हायलक्सला ५००. दोन-सव्वादोन टनांचा ट्रेलर सपाटीवर हलवायला यातलं अर्धंही लागत नाही. तेव्हा इंजिनाची काळजी यादीत शेवटी टाका. असा प्रवास बिघडतो तो ट्रेलरच्या बाजूने: हबमधलं (चाकाच्या मध्यातलं) बेअरिंग, ट्रेलरचा ब्रेक आणि हुकावर पडणारं वजन. या तीन गोष्टी घरी नीट झाल्या, तर रस्त्यावर करण्यासारखं फार उरत नाही.

आधी वजन. बोट विकणारा सांगतो ते बहुतेकदा नुसत्या सांगाड्याचं. तुमच्या मापाच्या बोटीचा हिशेब साधारण असा बसतो: सांगाडा १३५० किलो, आउटबोर्ड २२०, पेट्रोल १५० लिटर म्हणजे १११ किलो (पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला ७४० ग्रॅम धरा), दोन बॅटऱ्या ५०, नांगर-साखळी-दोर ४०, छत, जॅकेटं, अवजारं मिळून १२०, आणि ट्रेलर ४८०. बेरीज २३७१. म्हणजे ‘दीड टनाची बोट’ रस्त्यावर सव्वादोन टनांच्या वर गेली. व्ही-क्रॉसचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास आहे. ओढणाऱ्यापेक्षा ओढलं जाणारं जड झालं की वळणावर कोण कोणाला नेतंय हा प्रश्न पडतो.

म्हणून निघण्याआधी बोट हलकी करा. पेट्रोल तीसेक लिटरवर आणा. नांगर, एक बॅटरी, छताच्या नळ्या, जॅकेटं सगळं पिकअपच्या हौद्यात, केबिनला टेकवून ठेवा. बोट नुसती धुऊन आणली असेल तर तळात पाणी साचलेलं असतं, ते काढा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. एवढं केलं की ट्रेलर २१०० किलोवर येतो. अंदाजावर राहू नका. महामार्गालगत वजनकाटे हवे तेवढे आहेत. तीन वजनं घ्या: एकटी पिकअप, जोडलेली पूर्ण गाडी, आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. चिठ्ठ्या जपून ठेवा, पुढच्या खेपेला लागतात.

पिकअपचं माहितीपुस्तक काढून त्यात ट्रेलर ओढण्याची मर्यादा बघा. परदेशातल्या त्याच नावाच्या गाडीला साडेतीन टनांची परवानगी आहे, हे ऐकून इथल्या गाडीला तेवढं लावू नये. गिअरचं प्रमाण, कूलिंग, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग), यातलं काय बदललेलं आहे ते बाहेरून दिसत नाही. आणि बोलेरो पिकअपबद्दल कोणी विचारलं तर उत्तर वेगळं आहे. ती हौद्यात दीड टन सहज नेते, पण ते वजन चाकांच्या वर बसतं. तेच वजन मागे हुकाला लटकवणं हे दुसरं काम. शिवाय सुमारे २०० न्यूटन-मीटरवर घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरातच राहावं लागेल. १७-१८ फुटी हलक्या बोटीला ती चालेल, या बोटीला नाही.

आता हुकावरचं वजन. सगळ्यांत जास्त दुर्लक्ष याकडे होतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार बॉलवर, म्हणजे हुकाच्या गोळ्यावर, पडला पाहिजे. २१०० किलोला आठ टक्के म्हणजे १७० किलो. बोटीची गोची अशी की इंजिन, टाकी, बॅटरी सगळं मागे असतं, त्यामुळे भार आपसूक कमी पडतो. तीन-चार टक्क्यांवर आला की ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. ताशी पन्नासला काही जाणवत नाही. सत्तर गाठला आणि शेजारून एसटी सुसाट गेली की मागून पहिला झटका बसतो.

मोजायला घरातला वजनाचा काटा पुरतो. एक भक्कम फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर ठेवलेल्या नळीवर, दुसरं तीन फूट पलीकडे काट्यावर. ट्रेलरचं तोंड (बॉलवर बसणारं पुढचं टोक) विटेपासून एक फुटावर, म्हणजे काट्यापासून दोन फुटांवर फळीवर टेकवा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट खरा भार. १७० हवा असेल तर काट्यावर ५७ दिसायला हवेत. फळीचं वजन आधी वजा करा. ट्रेलर सपाटीवर हवा, आणि तोंडाची उंची बॉलवर बसल्यावर असते तेवढीच हवी. वर-खाली झालं की आकडा फसवतो.

भार कमी भरला तर सामान पुढे सरकवून फार फरक पडत नाही. ट्रेलरवरचा विंचचा (बोट ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब सैल करून बोटच दोन-चार इंच पुढे घ्यावी लागते, किंवा एक्सल मागे सरकवावा लागतो. बोट पुढे घेताना एक बघा: बोटीच्या पाठीची फळी, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं, ती ट्रेलरच्या आधाराच्या शेवटाबरोबर राहिली पाहिजे. आधार आधीच संपला आणि इंजिन हवेत लोंबकळलं तर खड्ड्याखड्ड्याला तळ वाकतो. फायबरला ती चीर वर्षभराने दिसते.

उलट फार भारही नको. बॉल मागच्या चाकांच्या मागे सव्वा-दीड मीटरवर असतो, म्हणून १७० किलोचा भार मागच्या एक्सलवर १७० नाही, २४० पडतो. (व्हीलबेस ३.१ मीटर, मागचं अंतर १.३ मीटर धरून.) जास्तीचे ७० किलो पुढच्या एक्सलवरून उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मागची बाजू दोन इंचांहून जास्त बसली तर भार किंवा हौद्यातलं सामान कमी करा. नुसते पाटे वाढवले तर गाडी दिसायला सरळ होते, पण पुढचा एक्सल हलकाच राहतो.

हुकाची पट्टी चासीला बोल्टने बसवलेली हवी. बंपरला जोडलेली शोभेची हुकं या कामाची नाहीत. चासीला वेल्डिंगही करून घेऊ नका, वेल्डच्या काठाला पोलाद ठिसूळ होतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. बॉल आणि ट्रेलरचं तोंड एका मापाचं हवं. ५० मिलिमीटरचा बॉल दोन इंची तोंडात जातो आणि बसल्यासारखा वाटतो, पण किंचित सैल राहतो. मोठ्या मापाच्या तोंडात तर तो सरळ निसटू शकतो. माप दोन्हींवर कोरलेलं असतं, वाचा. जोडल्यावर ट्रेलरच्या जॅकने तोंड वर उचलून बघा. पिकअपची पाठ त्याबरोबर वर आली तर कडी बसली. साखळ्या दोन, तोंडाखाली एकमेकींना छेद देऊन, म्हणजे तोंड सुटलंच तर झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. ब्रेकची सुटकेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) साखळीपेक्षा आखूड ठेवू नका आणि ती बॉलला गुंडाळूही नका, गाडीच्या चासीला वेगळी अडकवा.

बेअरिंगवर जरा थांबतो, कारण बोटीचा ट्रेलर आणि विटांचा ट्रेलर यांत फरक इथेच आहे. बोटीचा ट्रेलर गरम चाकांनिशी पाण्यात जातो. साठ किलोमीटर धावलेला हब तापलेला असतो, आतली हवा फुगलेली. तो खाऱ्या पाण्यात बुडाला की हवा एकदम आकसते आणि ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. दिसत काहीच नाही. दोन-तीन आठवडे ट्रेलर उभा राहतो, रोलरवर गंजाचे बारीक ठिपके धरतात, आणि पुढच्या लांबच्या प्रवासात तेच ठिपके कुरतडत बेअरिंग संपवतात. म्हणून मालवणहून परत येताना मोडलेल्या बेअरिंगचं कारण बहुतेकदा जाताना पाण्यात घातलेल्या हबमध्ये असतं.

निघण्याआधी चारही हब उघडा. जुनं ग्रीस बोटावर घ्या. दुधाळ, राखाडी-पांढरं दिसलं तर पाणी गेलेलं आहे. बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन कोरडं करा आणि उजेडात रोलर फिरवून बघा. निळसर झाक असेल तर ते तापलेलं आहे, खड्डे असतील तर गंजलेलं. दोन्ही फेकायचं, आणि बेअरिंगबरोबर त्याची हबमधली बाहेरची कडीही बदलायची. नव्या रोलरला जुनी कडी म्हणजे नव्या नवरीला मोडका पाट. ऑइल सील दर खेपेला नवं, त्यात काटकसर नको. ग्रीस पाण्याला दाद न देणारं मरीन प्रतीचं घ्या आणि नेहमीच्या पिवळ्या ग्रीसमध्ये मिसळू नका, दोन जातींची ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन वाहतात. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत जा, अरुंद बाजूने ते रोलरांमधून वर येईपर्यंत. नुसतं बाहेरून चोपडलेलं ग्रीस पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये टोपीत जाऊन बसतं.

आवळण्याची रीत: हब फिरवत फिरवत नट पान्याने घट्ट करा म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करा. मग फक्त बोटांनी आवळा. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर सैलाच्या बाजूला जवळच्या भोकावर न्या, आवळण्याच्या बाजूला नाही. चाक बसवून वर-खाली हलवलं तर अगदी नखभर खेळ जाणवला पाहिजे. खेळ अजिबात नसेल तर कशेडीपर्यंत हब तापून लाल होईल. स्प्रिंगच्या दट्ट्याच्या टोप्या मिळतात, त्या आत ग्रीसला सतत थोडा दाब ठेवतात, म्हणून पाणी शिरत नाही. बसवण्यासारख्या आहेत. पण ग्रीसगनने भरत सुटू नका; दट्ट्या अर्धा बाहेर आला की थांबा, नाहीतर मागचं सील फुटतं आणि ग्रीस ब्रेकच्या लायनरवर जातं.

एवढं करूनही एक पूर्ण हब, म्हणजे बेअरिंग बसवून, ग्रीस भरून, पिशवीत बांधून, बरोबर ठेवा. संगमेश्वरच्या आसपास रात्री अकराला बेअरिंग शोधत बसण्यापेक्षा पाऊण तासात आख्खा हब बदललेला बरा.

ब्रेक. दोन टनांच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवाच, पिकअपच्या ब्रेकवर तो सोडता येत नाही. बोटीच्या ट्रेलरला बहुधा धक्क्याचा ब्रेक असतो: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, तोंडातला दांडा आत जातो आणि चाकांचे ब्रेक लागतात. साधी आणि पाण्याला टिकणारी रचना. विजेचे ब्रेक खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. पण धक्क्याच्या ब्रेकला एक खोड आहे: तुम्ही ब्रेक दाबलाय की इंजिनावर गाडी रोखून धरलीय, हे त्याला कळत नाही. लांब उतारावर खालच्या गिअरात उतरताना ट्रेलर सतत रेटत असतो, म्हणून त्याचे ब्रेक सतत हलके घासत राहतात.

किती उष्णता निर्माण होते बघा. गाडी, माणसं, सामान आणि ट्रेलर मिळून साडेचार टन धरा. दर शंभर मीटर उंची उतरताना ४४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. चौदा लिटर पाणी उकळायला लागतं तेवढी ही उष्णता. थोडी हवा खाते, थोडी इंजिन, बाकीची ब्रेकच्या लोखंडात. म्हणूनच पुणे-कोल्हापूरमार्गे येऊन फोंडा, करूळ किंवा आंबोलीतून खाली उतरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पाच-सहाशे मीटर एका दमात, वर आवळलेली वळणं. पनवेलहून सरळ ६६ क्रमांकाचा महामार्ग धरा. सुकेळी खिंड, भोस्ते घाट, परशुराम, निवळी असे चढ-उतार आहेत, पण तुकड्या-तुकड्यांत, मध्ये ब्रेक निवतात. कशेडीला आता बोगदा आहे, जुना घाट टळतो.

उताराला लागण्याआधी, वरच, गिअर टाका. ज्या गिअरात तो चढ चढला असता त्याच गिअरात उतरायचं, ही ट्रकवाल्यांची जुनी रीत इथे तंतोतंत लागू आहे. डिझेल इंजिनाचा रोध पेट्रोलपेक्षा कमी असतो, कारण हवा अडवणारी थ्रॉटलची झडप त्यात पेट्रोलसारखं काम करत नाही. तेव्हा कारमध्ये तिसरा टाकत असाल तिथे इथे दुसरा लागेल. ऑटोमॅटिक असेल तर हाताने गिअर धरून ठेवा. वेग वाढला की ब्रेक ठाम दाबा, दहा-पंधराने वेग खाली आणा आणि पाय पूर्ण उचला. सतत हलका पाय ठेवणं सगळ्यांत वाईट. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्याआधी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, कोकणात जरा जास्तच, आणि पाणी धरलेलं ऑइल लवकर उकळतं. पेडल एकाएकी पोकळ लागतं ते त्यामुळे.

चढाचं सोपं आहे. इंजिन दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर ठेवा. पंधराशेच्या खाली वरच्या गिअरात घुसमटत चढवलं की टर्बो पुरेशी हवा देत नाही, धूर वाढतो, क्लच आणि फ्लायव्हीलला हादरे बसतात. तापमानाचा काटा चढला तर एसी बंद करा, गिअर खाली टाका, फेऱ्या वाढवा. पंखा आणि पाण्याचा पंप फेऱ्यांवर चालतात. चढ संपल्या संपल्या इंजिन बंद करू नका, दीड-दोन मिनिटं चालू द्या म्हणजे टर्बोचं तेल जळत नाही. बीएस ६ गाडीत काजळीचा फिल्टर साफ होत असल्याचा दिवा लागला तर तो पूर्ण होऊ द्या, चहासाठी मध्येच चावी फिरवू नका.

टायरबद्दल फार नाही. दोन एक्सल म्हणजे चार टायर. बॉलवरचा भार वजा जाता चाकांवर १९३० किलो, म्हणजे टायरला ४८० च्या आसपास. भारांक १०० चा टायर ८०० किलो पेलतो, तेव्हा जागा भरपूर आहे. पण ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून मरतात. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी काढा. हवा थंड टायरमध्ये, ट्रेलर बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याला भरा. पिकअपचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, आणि जॅक ट्रेलरच्या एक्सलखाली जातो का, हे अंगणात करून बघा. बऱ्याचदा दोन्ही नाही.

बोट बांधताना नायलॉनचा दोर वापरू नका, तो ताणतो. ५० मिलिमीटर रुंद पट्टे, रॅचेटचे: दोन मागे, पाठीच्या फळीवरच्या कड्यांतून ट्रेलरच्या चौकटीला, एक मध्ये आडवा. नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) विंचचा पट्टा आहेच, पण विंचचा दात मोडला तर बोट मागे जाते, म्हणून नाळेच्या कडीला वेगळी साखळी. आडव्या पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्यावर फडफडून तो स्वतःला कापतो. इंजिन उचलून ठेवायची कंपनीची खिट्टी बंदरात उभं राहण्यासाठी असते, खड्ड्यांसाठी नव्हे. इंजिन आणि ट्रेलर यांच्यामध्ये आधाराची दांडी लावा. आणि तळाचं बूच काढून ठेवा. वाटेत पाऊस आला तर पाणी वाहून जाईल. बूच लावलेलं असेल तर पाणी तळात मागे साचतं आणि मेहनतीने जुळवलेला बॉलचा भार बिघडवतं. ते बूच किल्लीच्या जुडग्याला बांधा, म्हणजे पाण्यात उतरवताना विसरणार नाही. धक्क्यावर बोट बुडण्याचं हे सगळ्यांत हास्यास्पद आणि सगळ्यांत नेहमीचं कारण आहे.

दिव्यांना जमिनीची वायर वेगळी ओढा, बॉलमधून परत येणाऱ्या विजेवर विसंबू नका. सात पिनांच्या प्लगमध्ये पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, पांढरी जमीन, लाल ब्रेक, काळी आणि तपकिरी मागचे दिवे. नव्या गाडीच्या वायरिंगला थेट जोडणी करू नका, मध्ये रिले मॉड्यूल घाला. नाहीतर गाडीचा संगणक बल्ब गेल्याची तक्रार करत बसतो किंवा काहीतरी जळतं. ट्रेलरला नोंदणी, नंबरप्लेट आणि विमा हवा, आणि रुंदी २.६ मीटरच्या आत. बोटीची कडेची रबरी पट्टी धरून मोजा, बरेच जण सांगाडाच मोजतात.

रस्त्यावर वेग साठ. रिकामा, सरळ, चौपदरी असला तरी साठ. ऐंशीला ब्रेकला साठच्या पावणेदोनपट काम पडतं आणि डोलणं सुरू व्हायला एक झुळूक पुरते. डोललंच तर ब्रेक मारायचा नाही, उलटसुलट स्टिअरिंग फिरवायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, वेग उतरू द्या. मग थांबून बॉलचा भार आणि मागच्या टायरची हवा बघा. आपोआप थांबलं म्हणून पुढे जाऊ नका, ते परत होणार आहे.

पहिला थांबा वीस-पंचवीस किलोमीटरवर, कर्नाळ्याच्या पुढे. चाकांचे नट आणि पट्टे परत आवळा, पहिल्या टप्प्यात सगळंच थोडं सैल होतं. मग दर ऐंशी-शंभर किलोमीटरला. थांबलात की आधी चारही हबवर हात ठेवा. कोमट ठीक. हात तीन सेकंद ठेववत नसेल तर उघडून बघायचं. चारांपैकी एकच तापलेला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. चारही तापलेले असतील आणि तुम्ही नुकतेच उतार उतरला असाल तर तो ब्रेकचाच ताप, पंधरा मिनिटं थांबा. माणगाव, चिपळूण, हातखंबा, राजापूर असे टप्पे सोयीचे पडतात. पेट्रोलपंप निवडताना आत शिरण्याआधी बाहेरची वाट बघा, चौदा मीटरची गाडी मागे घेत हमरस्त्यावर आणणं नको.

सागरी मार्गाने जायचा मोह टाळा. रस्ता देखणा आहे, पण गावांतून बोळ, आणि वाटेत जंगलजेटी, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटी. दाभोळ-धोपावे किंवा वेशवी-बागमांडल्याला फेरीबोटीच्या फळीवर चढताना जेटीचा उतार आणि फळी यांच्या कोनात ट्रेलरचं तोंड किंवा आउटबोर्डची शेपटी घासते, ओहोटीला तर हमखास.

कसालला महामार्ग सोडला की शेवटचा तुकडा कट्टा, चौके, कुंभारमाठवरून मालवण. अरुंद, चढ-उताराचा, गतिरोधक उदंड. प्रत्येक गतिरोधक दोनदा येतो हे लक्षात ठेवा: तुमची चाकं उतरली तरी ट्रेलरची अजून चढायची असतात. वळणावर ट्रेलर आतून कापतो, म्हणून उशिरा आणि रुंद वळा. अंधार पडायच्या आत हा तुकडा संपेल असं पहाटेचं निघणं ठेवा.

आता पाण्यात उतरवणं. धक्क्याजवळ पोचल्यावर हब निवू द्या, किमान अर्धा तास. तेवढ्यात पट्टे सोडा, बॅटरी परत बसवा, बूच लावा. नाळेची साखळी मात्र पाण्याच्या कडेपर्यंत काढू नका, ट्रेलरच्या रोलरवरची बोट कोरड्या उतारावरच घसरून पडते. दिव्यांचा प्लग काढा. गरम बल्ब पाण्यात तडकतो, आणि खारं पाणी प्लगमधून गाडीच्या वायरिंगपर्यंत चढतं.

उतार कसा आहे ते पायी जाऊन बघा, शक्यतो ओहोटीला, म्हणजे काँक्रीट कुठे संपतं आणि पलीकडे खड्डा आहे का ते दिसतं. भरतीला तो खड्डा पाण्याखाली असतो आणि ट्रेलरची चाकं त्यात गेली की हायड्रा क्रेन बोलवावी लागते. उतरवायला अर्धी भरती चढत असतानाची वेळ उत्तम. चूक झाली तरी पाणी वाढतंय, बोट तरंगेल. सुकतीला अडकलात तर पुढच्या पाण्यापर्यंत सहा-सात तास. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत पाण्याची चढ-उतार कमी असते, नवख्याला तेच दिवस बरे. उधाणाला पाणी झपाट्याने सरकतं.

बोट काढताना खरी कसोटी आहे. आठास एक असा उतार असेल तर साडेचार टन वर ओढायला साधारण ५६० किलोंचा जोर लागतो. शेवाळ धरलेल्या ओल्या काँक्रीटवर टायरची पकड वजनाच्या तीस टक्के धरा. मागच्या चाकांवर १३०० किलो असतील तर टू-व्हीलमध्ये ३९० किलोंच्या पुढे जोर लागतच नाही, चाकं जागेवर फिरतात. चारही चाकांवर २४०० किलो धरले तर ७२० मिळतात. हिशेब इतका सरळ आहे: फोर बाय फोर, लो गिअर, क्लच न घासता एका लयीत. मागच्या चाकामागे लाकडी ठोकळा घेऊन एक माणूस बाजूला उभा करा, मागे नाही.

किनाऱ्याच्या वाळूत पिकअप नेऊच नका. कोळी लोक आपल्या होड्या ट्रॅक्टरने ओढतात ते उगीच नाही. ट्रॅक्टरवाल्याला पैसे द्या, लांब दोराने ट्रेलर त्याच्या हवाली करा, पिकअप कोरड्यात ठेवा.

ट्रेलर पाण्याबाहेर आला की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा: हब, ब्रेकचे ड्रम आतून, पाटे, चौकटीची पोकळ नळी. पिकअपची मागची चाकं बुडली असतील तर तिलाही खालून. ट्रेलर उभा करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, खाऱ्या ओलाव्याने लायनर ड्रमला चिकटतात आणि महिन्याने ट्रेलर हलवताना चाक फिरायच्या ऐवजी फरफटतं. हँडब्रेक सोडा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. दुसऱ्या दिवशी एका हबची टोपी काढून बोट घाला. ग्रीस स्वच्छ असेल तर बाकीचे तीन राहू द्या. दुधाळ असेल तर परतीच्या आधी चारही परत उघडायचे आहेत.